टाळू खोल का गेली?

‘जुलाब होताहेत ना, मग बाळाला पाणी देऊ नका,’ हा सल्ला आजही घरोघरी ऐकू येतो. आम्ही डॉक्टरांनी कितीही भाषणे दिली तरी तो हटत नाही. म्हणून परवा एका वस्तीतील महिलांच्या बैठकीत मी भाषणच केले नाही. एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली वरून कापली, तळाशी भोक पाडून बूच बसवले, पाणी भरले आणि वर पाण्याला टेकेल असे ओले फडके अंथरले. म्हटले, ‘हे बाळ. बूच काढते, काय होते ते तुम्हीच सांगा.’

पाणी गळू लागले तसे फडके आत खचले. ‘अगं बाई, टाळू खोल गेली!’ एक आजी म्हणाल्या. भोक बुजवायला औषध हवे, असे दोघीतिघींचे मत पडले. आजींनी मात्र तांब्या उचलला आणि वरून पाणी ओतले. फडके वर आले. ‘गळतंय तेवढं भरत राहायचं,’ असे त्याच म्हणाल्या. मला वेगळे सांगावे लागले नाही.

ही युक्ती माझी नव्हे. मेक्सिकोच्या डोंगराळ भागात काम करणाऱ्या डेव्हिड वर्नर यांनी बिल बोवर यांच्यासह १९८२ साली लिहिलेल्या आरोग्यशिक्षणाच्या पुस्तकात ती आहे. तिथे भोपळ्याचे बाळ केले होते.

पुढे प्रत्येकीला घरचा चमचा आणायला सांगितले. शेजारी शेजारी ठेवले तर एकही दुसऱ्यासारखा नाही! मग ‘सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ’ याला अर्थ काय? बायकांनीच तोड काढली: सगळ्यांनी चहाचा लहान चमचा धरायचा, तो सपाट भरायचा, पाणी एक लिटरच्या बाटलीने मोजायचे. चव अश्रूंहून खारट लागली तर ते पाणी फेकून द्यायचे. ओआरएसचे पाकीट मिळाले तर तेच उत्तम, सोबत चौदा दिवस झिंक. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. बाळ पीत नसेल, मलूल पडले असेल किंवा शौचात रक्त दिसले, तर तडक दवाखाना गाठावा.

माझे मत स्पष्ट आहे. आरोग्य शिबिरांत रंगीत तक्ते असू द्यात, पण त्याआधी बाटली, चमचा आणि फडके लोकांच्या हाती द्या. ऐकलेले विसरते, स्वतः शोधलेले उत्तर माणूस शेजारणीलाही सांगतो.