ओतारी म्हणजे नुसता कारागीर नव्हे

वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकच्या रामकुंडावर गेले, त्या दिवशी आमच्या तीर्थोपाध्यायांनी लाल फडक्यातली नामावळी, म्हणजे यजमानांच्या पिढ्यांची वही, सोडली. मोडीतली ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली: पणजोबांचं नाव, गाव येवले आणि पुढे 'ओतारी'. आजोबा तांबट लेनमध्ये भांडी मठारायचे, त्यामुळे आमच्या घरात 'तांबटकाम' एवढाच शब्द उरला होता. पणजोबा ठोकत नव्हते, ओतत होते, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

हा फरक बारीक नाही. तांबट पत्रा ठोकून आकाराला आणतो. ओतारी आधी मेणाची मूर्ती घडवतो, तिच्यावर मातीचे लेप देतो, आच देऊन मेण काढून टाकतो आणि त्या पोकळीत पितळेचा रस सोडतो. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, देवळातली घंटा या हातांची. अशा माणसाला 'कारागीर' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांच्या मूळ यादीत तर ओतारी नाही, तांबटही नाही. मूर्तिकार आणि दगड फोडणारा मात्र एकाच रकान्यात आहेत.

धंद्याचं नेमकं नाव लिहिण्याबाबत आपले पूर्वज काटेकोर होते. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून 3000 कार्षापण ठेव ठेवली, ती 'कोलिक' असा धंदा नोंदवून. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातल्या लेखात पाण्याची यंत्रं करणारे 'ओदयंत्रिक' वेगळे आणि तेली 'तिलपिषक' वेगळे. पितळखोऱ्याच्या लेण्यातली यक्षाची मूर्ती तर मला फार जवळची वाटते. दगडाच्या त्या यक्षाच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलं आहे, कण्हदास, आणि धंदा लिहिला आहे हिरण्यकार. सोनाराने दगड घडवला, हे त्या एका शब्दामुळे आज कळतं.

धंद्याची अशीच नेमकी नोंद नामावळ्यांतही आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट होत आहेत. त्याच खर्चातून नाशिक-त्र्यंबकच्या नामावळ्यांची छायाचित्रं घ्यावीत, अशी माझी मागणी आहे. या वह्या उपाध्यायांच्या घरच्या आहेत, तेव्हा त्यांची संमती आणि मान ठेवूनच. सूची करताना चितारी, जिनगर, पाथरवट, ओतारी हे शब्द जसे लिहिले आहेत तसेच उतरवावेत. आजच्या सोयीचा एकच शब्द त्यांच्यावर थापू नये. मोडी वाचणारी माणसं शहरात आहेत. मीही गेल्या पावसाळ्यात शिकायला लागले.

परवा पुन्हा ते पान पाहायला गेले. या वेळी माझं मीच वाचलं. कडेला वाळवी लागली आहे, आणि ती 'ओतारी'पासून दोन बोटांवर आली आहे.