खाटेची गरज कुणी ठरवायची?



‘आजार सौम्य होता, घरी राहून उपचार शक्य होते, दाखल होण्याची गरज नव्हती.’ अशा अर्थाची विमा कंपन्यांची पत्रे घेऊन सातारा-सांगलीतल्या बायका माझ्याकडे येतात. कोरोनात आल्या, आता डेंग्यूच्या तापानंतरही येतात.

जुलै २०२० मध्ये ‘कोरोना रक्षक’ पॉलिसी निघाली. कोरोना होऊन ७२ तास दवाखान्यात राहावे लागले, तर ५० हजार ते अडीच लाखांपर्यंत ठरलेली रक्कम एकदम मिळणार होती. पुढे अनेक दावे ‘घरी राहता आले असते’ म्हणून नाकारले गेले. मे २०२१ मध्ये राज्य सरकारने १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचे जाहीर केले. त्यांत सातारा आणि सांगली दोन्ही होते. सरकार म्हणते घरी राहू नका, कंपनी म्हणते घरीच राहायचे होते. मग बाईने जायचे कुठे?

आणि घर म्हणजे तरी काय? दोन खोल्या, सहा माणसे, एक संडास. आजारी पुरुषाला ताट हातात मिळते. आजारी बाई घरी राहिली की स्वयंपाक, धुणे, सासूचे आजारपण तिच्याच अंगावर. तिला विश्रांती मिळते ती दवाखान्याच्या खाटेवरच. विम्याच्या फॉर्मवर मात्र हे लिहायला रकाना नाही.

गरज नसताना दवाखाने दाखल करून घेतात, हेही खरे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचे काय झाले, ते २०१९ मध्ये राज्याने पाहिले. पण त्याचा जाब डॉक्टरला विचारायला हवा. त्यांच्या सांगण्यावरून दाखल झालेल्या बाईला त्याचा भुर्दंड का?

म्हणून दाखल होतानाच का दाखल केले, ते डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या. घरी देखभाल होणार नसेल तर तेही लिहायला सांगा. नकार लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.

पॉलिसी बहुधा नवऱ्याच्या नावावर, कागद त्याच्या कपाटात. तो कागद आधी आपल्या हातात घेऊ या.