खारे पाणी हद्द ओळखत नाही

खुलना हे नाव आमच्या बऱ्याच वाचकांना परके वाटेल. पण १९४६ साली बाबासाहेबांना घटना समितीवर निवडून पाठविले ते अखंड बंगालने, आणि खुलना हा त्याच बंगालचा दक्षिणेकडील जिल्हा. आज तो बांगलादेशात आहे.

तेथे घराशेजारी तळे, तळ्यात रोहू-कटला, पुढे भाताचे शेत. हा सगळा संसार नदीच्या गोड्या पाण्यावर. १९७५ साली गंगेवर फराक्का बंधारा सुरू झाला. उन्हाळ्यात खाली येणारे गोडे पाणी घटले आणि भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी नदीतून अधिकच आत शिरू लागले.

पुढे १९८० नंतर परदेशात कोळंबीला भाव आला. बागदा कोळंबीला खारट पाणी लागते. बड्या मालकांनी सरकारी बांध फोडून ते शेतात घेतले. मालकाचे तळे भरले, पण खारे पाणी हद्द ओळखत नाही. ते झिरपत शेजाऱ्याच्या तळ्यात उतरले. गोड्या पाण्यातले मासे गेले, भात करपला, गुरांचा चारा संपला. भाताला लावणी-कापणीसाठी गावभर हात लागत. कोळंबीला मोजकेच लागतात. भूमिहीनांची मजुरी बुडाली ती अशी. आयाबहिणी कंबरभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहून कोळंबीची पिल्ले धरू लागल्या, पिण्याच्या पाण्यासाठी लांब लांब चालू लागल्या. दाकोप भागातील गरोदर स्त्रियांच्या वाढलेल्या रक्तदाबाचा संबंध संशोधकांनी पिण्याच्या पाण्यातील मिठाशी जोडला आहे. मे २००९ च्या आयला वादळात बांध फुटले, तेव्हा गावेच्या गावे खाऱ्या पाण्यात राहिली.

पण सगळ्यांनीच मान तुकवली नाही. हरिणखोला येथे ७ नोव्हेंबर १९९० रोजी करुणामयी सरदार ही भूमिहीन बाई कोळंबी-मालकाविरुद्धच्या मोर्चात सर्वांत पुढे होती. मालकाच्या माणसांनी केलेल्या हल्ल्यात ती मारली गेली. गाव मात्र हटले नाही. तिच्या भागात खाऱ्या कोळंबीला पाय रोवता आले नाहीत. दर वर्षी त्या दिवशी लोक तिच्या आठवणीसाठी जमतात.

आपल्या कोकणातही खाडीकाठी खारभूमीचे बांध आहेत. बांध कोण राखतो, कोण दुर्लक्षितो आणि खारे पाणी शेवटी कोणाच्या शेतात, कोणाच्या हंड्यात येते, हे आपणही ग्रामसभेत उभे राहून विचारले पाहिजे. त्या सभेला घरातील बायांनाही बरोबर न्या. पाण्याची झळ आधी त्यांनाच लागते.