पुन्हा पुन्हा येणारा ताप : दिवस मोजा, नोंद ठेवा

नातवंडाला वरचेवर ताप येतो, दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो आणि मधल्या काळात मूल ठणठणीत असते, असा अनुभव आपल्या घरी आहे काय? मलेरिया, विषमज्वर, क्षय असे संसर्ग नाहीत याची खात्री झाली असेल, तर आनुवंशिक आवर्ती ज्वराचाही विचार व्हावा. हे विकार विरळ आहेत. पण दुर्लक्ष महागात पडते.

यांच्या वर्गीकरणात तापाचा मुक्काम मोलाचा ठरतो. तुर्की, अर्मेनियन, अरब व ज्यू समाजांत अधिक आढळणारा ‘कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वर’ एक ते तीन दिवस टिकतो. सोबत पोटात वा छातीत तीव्र वेदना होतात. ‘ट्रॅप्स’ या प्रकारात ताप बहुधा आठवड्याहून अधिक रेंगाळतो. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत लक्षणांसोबत जनुकतपासणीलाही स्थान आहे. मात्र जनुकदोष सापडला नाही, एवढ्यावरून आजार नाही असे ठरत नाही.

निदान लांबल्यास अमायलॉइड नावाचे प्रथिन साचून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. भूमध्यसागरी ज्वरात १९७२ पासून वापरात असलेले कॉल्चिसिन वैद्यकीय सल्ल्याने नियमित घेतल्यास हा धोका बहुतांशी टळतो.

म्हणून तापाची तारीख, दिवस, पुरळ, वेदना वहीत नोंदवाव्यात. घराण्यात पूर्वी कोणाला असा ताप वा मूत्रपिंडाचा विकार होता, हे वडीलधाऱ्यांनाच आठवते. ती आठवण डॉक्टरांना अवश्य सांगावी. निदानाची वाट तिथूनच सुरू होते.