पुढच्या रविवारी नक्की

शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजले की आमच्या ऑफिसात एक गंमत सुरू होते. प्रत्येकाच्या स्क्रीनवर एक्सेल शीट उघडं असतं आणि त्याच्या मागच्या विंडोत असतं लोणावळा, अलिबाग, नाही तर कर्जतचं एखादं फार्महाऊस. ‘दोन रात्री, ब्रेकफास्ट धरून, स्विमिंग पूल आहे पण लहान आहे...’ पँट्रीत चहाबरोबर बेत रंगतात. सोमवारी सकाळी त्याच पँट्रीत दुसरी चर्चा असते, एक्सप्रेस-वेवर कोण किती तास अडकलं!

या दोन्ही चर्चांमध्ये मी वर्षानुवर्षं हिरिरीनं भाग घेतला आहे. डोंगर बघायला मी चार-चार तास गाडीत बसून गेले आहे. आणि राहते कुठे? तर बोरिवली पूर्वेला. कपडे वाळत घालताना बाल्कनीतून समोर काय दिसतं? डोंगर!

सरकारी कागदावर त्याचं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आम्हा बोरिवलीकरांसाठी नुसतं ‘नॅशनल पार्क’. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आहे हे. मुलुंड-भांडुपच्या मागे जो डोंगर दिसतो, तो याच जंगलाची दुसरी बाजू. विहार आणि तुळशी हे तलाव याच्याच कुशीत आहेत. विहारचं पाणी मुंबईला १८६० पासून मिळतंय. म्हणजे आपल्यापैकी काहींनी हे जंगल पाहिलं नसेल, पण प्यायलं नक्की आहे.

तर या डोंगरात कारवी नावाचं एक झुडूप आहे. तुम्ही ते पाहिलं असणार, फक्त ओळखत नसाल. पावसाळ्यात कान्हेरीच्या बाजूला उतारांवर पुरुषभर उंचीची, मोठ्या खरखरीत पानांची हिरवी भिंत उभी असते ना, ती कारवी. उन्हाळ्यात तिच्या नुसत्या काटक्या उरतात आणि आपण म्हणतो, काय रखरखाट आहे! सात वर्षं ती हेच करते. पावसात हिरवी, उन्हात काटकी. आठव्या वर्षी पाऊस ओसरायला लागला की डोंगरावरची सगळी कारवी एकदम फुलते. सगळे उतार जांभळट निळे होतात, मधमाश्यांची धांदल उडते. मग ती बी धरते आणि मरते. एखाद-दुसरं झुडूप नव्हे, जवळजवळ सगळी पिढीच एकदम.

नॅशनल पार्कातली कारवी २००८ मध्ये फुलली, मग २०१६ मध्ये, मग २०२४ मध्ये. सह्याद्रीतल्या दुसऱ्या डोंगरावर तिचं कॅलेंडर वेगळं असू शकतं, पण आमच्या डोंगरावर पुढचा नंबर २०३२ चा. मुन्नारची नीलकुरिंजी ही हिची नात्यातलीच. ती बारा वर्षांनी एकदा फुलते आणि तिच्यासाठी लोक विमानाची तिकिटं काढतात. कारवीसाठी बोरिवलीचं लोकलचं तिकीट पुरतं. बहुधा म्हणूनच तिच्यासाठी आपल्याला वेळ नसतो.

हे सगळं मला बाबांमुळे माहीत. बाबांचं गाव महाडजवळ. त्यांच्या लहानपणी घराच्या पडवीला कारवीचा कूड होता. म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यावर शेणमाती लिंपायची, झाली भिंत. वारली घरांच्या भिंतीही अशाच. ज्या वारली चित्रांचे कुर्ते आपण कॅज्युअल फ्रायडेला मिरवतो, ती चित्रं मुळात याच भिंतींवरची. बाबा म्हणायचे, ‘‘जिच्या आडोशाला लहानाचा मोठा झालो, ती फुलते कशी ते नको बघायला?’’

२००८ साली मी चोवीस वर्षांची होते, अंधेरीच्या एका ऑफिसात नवी नवी चिकटलेली. बाबा अठ्ठावन्नचे. ऑगस्ट संपता संपता ते म्हणाले, ‘‘रविवारी चल माझ्याबरोबर. कारवी फुललीय.’’

‘‘पुढच्या रविवारी नक्की, बाबा.’’

पुढच्या रविवारी मैत्रिणीचा साखरपुडा होता. त्याच्या पुढच्या रविवारी मी मेल्यासारखी झोपले होते. मग आला १५ सप्टेंबरचा सोमवार. तिकडे न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली आणि इकडे अमेरिकन क्लायंटच्या जिवावर चालणाऱ्या आमच्या मजल्यावर सगळ्यांची तोंडं पांढरी पडली. आपली नोकरी राहते की जाते, या भीतीनं आम्ही शनिवार-रविवारसुद्धा ऑफिसात जाऊन बसायला लागलो. काम नव्हतं, पण खुर्ची रिकामी दिसायला नको! नोकरी राहिली. कारवी मात्र ऑक्टोबरात आटोपली.

बाबा मॉर्निंग वॉकच्या मित्रांबरोबर जाऊन आले होते. घरी आले तेव्हा शर्टाच्या बाह्या चिकट झाल्या होत्या आणि त्यांना एक उग्र, हिरवट वास येत होता. कारवीचा फुलोरा तसा चिकटच असतो. ‘‘हे आता निघायचं नाही,’’ म्हणत आईनं शर्ट बादलीत टाकला. आणि मी? मी माझं ऑफिसचं आयकार्ड शोधत होते.

२०१६ च्या सप्टेंबरात गावभर जिओच्या सिमसाठी रांगा लागल्या होत्या. मी बत्तीस वर्षांची, टीम लीडर वगैरे. टीमला घेऊन लोणावळ्याला गेले होते. खंडाळ्याच्या घाटात बस तीन तास हलली नाही. खिडकीतून डोंगर दिसत होता आणि आत अंताक्षरी चालली होती. घरी आले तर बाबांच्या बाह्या पुन्हा चिकट.

‘‘अहो, मला सांगायचं ना!’’

‘‘तू बिझी असतेस,’’ बाबा म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. पहिल्या वेळी त्यांनी मला चार-चारदा विचारलं होतं. या वेळी त्यांनी विचारलंच नाही, एवढाच फरक. आणि तो फरक माझ्या लक्षात यायला पुढची दोन-तीन वर्षं गेली.

म्हणून २०२४ मध्ये मी विचारलं. बाबा तेव्हा चौऱ्याहत्तरचे. गुडघे कुरकुरायला लागले होते. ‘‘बघू,’’ म्हणाले, पण आदल्या रात्री त्यांनी बूट दाराशी काढून ठेवले होते.

उद्यानातल्या गाडीनं कान्हेरीपर्यंत गेलो. सप्टेंबरातला रविवार, मधूनच एखादी सर. तीन नंबरच्या मोठ्या चैत्यापर्यंत बाबा पायऱ्या चढून आले, थांबले आणि वर बघून म्हणाले, ‘‘मी बसतो इथेच. तू जा.’’

‘‘हळूहळू जाऊ ना.’’

‘‘हळूहळूसुद्धा नाही. तू जा.’’

खूप दाट फुलवा वरच्या अंगाला होता. मी एका निसर्गप्रेमी ग्रुपबरोबर वर गेले. तसंच जावं, या जंगलात वाट सोडून एकट्यादुकट्यानं भटकू नये. बिबट्याचं घर आहे ते. तिथे काय पाहिलं ते सांगायला बसले तर कॉलमची जागा संपेल. एवढंच सांगते की ज्या उताराकडे मी आयुष्यभर बाल्कनीतून कपडे वाळत घालता घालता बघत आले होते, तो असा रंगही धरतो हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. सहलीला येऊन नाव लिहायची खोडही तिथे जुनीच. नव्वद नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी स्वतःची नावं कोरून ठेवली आहेत, साल १००९ आणि १०२१! म्हणजे नोंद असलेला ग्रुप आउटिंगच म्हणायचा. त्यांच्या पहिल्या सहलीपासून हिशेब केला तर कारवी या डोंगरावर सव्वाशेएक वेळा फुलून गेली असावी. ती मंडळी नेमकी फुलांच्या वर्षी आली होती की काटक्यांच्या, कोण जाणे.

खाली आले तेव्हा बाबा चैत्याच्या अंगणात तसेच बसलेले. मी घाईघाईनं मोबाइल काढून फोटो दाखवायला लागले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

‘‘उन्हात काही दिसत नाही गं,’’ म्हणाले. मग त्यांनी माझा हात धरला, बाही दोन बोटांत चुरगाळून नाकाशी नेली आणि हसले. ‘‘हां. फुललीय चांगली.’’

परतीच्या वाटेवर मला एकदम रडू आलं. बाबांना वाटलं, पाय मुरगळला. मी म्हटलं, हो.

इथे हा लेख संपवायचा मोह होतोय, पण बाबांना ते चालणार नाही. कारण खरी गोष्ट पुढेच आहे, असं त्यांचं म्हणणं. २०२५ च्या मे महिन्यात ते म्हणाले, ‘‘आता चल. आता बघण्यासारखं आहे.’’

‘‘आता? आता तर सगळं वाळलंय.’’

‘‘म्हणूनच.’’

वळवाच्या सरी पडून गेल्या होत्या. कान्हेरीच्या पायऱ्यांच्या कडेला मेलेल्या कारवीच्या काळपट काटक्या उभ्या होत्या. फोटो काढावा असं तिथे काही नव्हतं. बाबा कठड्यावर टेकले आणि म्हणाले, ‘‘बोलू नकोस.’’ आणि मग ऐकू आलं. टक्. थोड्या वेळानं पलीकडून, टक्. कारवीची वाळलेली फळं पावसाचा ओलावा लागला की तडकतात आणि बी लांब उडवतात. आठ वर्षांची सगळी शिल्लक ती अशी उधळून टाकते. एवढं बी एकाच वेळी जमिनीवर येतं की खाणाऱ्यांनी कितीही खाल्लं तरी पुष्कळ उरतं. सगळ्यांनी एकदम फुलण्यामागे हेच कारण असावं, असं अभ्यासक मानतात.

त्या वर्षी पाऊसही लवकर आला, मुंबईत मान्सून २६ मेलाच. जुलैत आम्ही पुन्हा गेलो. मेलेल्या काटक्यांच्या पायाशी, जिथे बघावं तिथे, बोटभर उंचीची रोपं. फुलांच्या वर्षी वाटेवर कॅमेऱ्यांची गर्दी होती. या वेळी कारवी बघायला आलेले आम्ही दोघंच. आणि गंमत म्हणजे, ही रोपं वाटेच्या कडेलाच होती. त्यांच्यासाठी बाबांना वर चढावं लागलं नाही. त्यांनी काठीनं एक पान बाजूला करून मला दाखवलं. इवलंसं पान, पण खरखरीत. तेव्हापासूनच.

तेव्हा मला एक साधी गोष्ट कळली. मी आजवर कारवीचा हिशेब फुलांच्या वर्षांनी करत होते, २००८ हुकलं, २०१६ हुकलं, २०२४ मिळालं. बाबा मधली वर्षंही मोजतात. कूड फुलांचा होत नाही, काठ्यांचा होतो. आणि काठ्या त्या सात वर्षांत तयार होतात. आमच्या ऑफिसातली नवी पोरं मला विचारतात, ‘‘मॅम, नॅशनल पार्कात आत्ता काय आहे बघायला?’’ आधी मी म्हणायचे, आत्ता काही नाही, सप्टेंबरात जा. आता म्हणते, आत्ताच जा.

जाणंही सोपं झालंय हो. अंधेरीच्या गुंदवलीहून मेट्रो सात पकडा आणि राष्ट्रीय उद्यान स्टेशनला उतरा. फक्त सोमवारी जाऊ नका, उद्यान बंद असतं. आई-वडील जवळ राहत असतील तर त्यांना घेऊन जा. दूर असतील तर त्यांच्या गावचा डोंगर त्यांनाच विचारा.

या जंगलाच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम निघालंय. २०३२ पर्यंत मुलुंड-ठाण्याकडची मंडळी डोंगराखालून भर्रकन बोरिवलीत पोहोचतील कदाचित. वर कारवी फुललेली असेल. मी तेव्हा अठ्ठेचाळीसची असेन, बाबा ब्याऐंशीचे. हा हिशेब आम्ही दोघांनीही मनात केलाय आणि एकमेकांना सांगितलेला नाही. परवा ते सहज म्हणाले, ‘‘आता बत्तीस साली तू एकटी वर जा, मी खालूनच वास घेईन.’’ मी म्हटलं, ‘‘बघू.’’

येत्या रविवारी आम्ही परत जातोय, रोपं कुठवर आली ते बघायला. फुलं नाहीत, पूल नाही, ब्रेकफास्ट घरून न्यायचा. पँट्रीतल्या लोणावळा ग्रुपला मी कळवून टाकलंय, तुम्ही व्हा पुढे, माझं पुढच्या वेळी नक्की.