मासा कोणता गोड?

महिन्यापूर्वीच्या एका रविवारी विहारात बुद्धवंदना झाली, त्रिसरण-पंचशील झाले आणि मंडळी पायरीवर बोलत बसली. बोलता बोलता विषय मासळीवर गेला. एक म्हणे, मरळीसारखा मासा नाही. दुसरा म्हणे, वामीपुढे मरळ काय! तिसरा कटल्याच्या डोक्यावर अडून बसला. शेवटी निवाडा आमच्याकडे आला. कारकून माणसाने सगळ्याची नोंद ठेवावी, अशी लोकांची समजूत असते. आम्हीही होकार दिला. पुढचे चार रविवार बाजारातून वेगवेगळी मासळी आणली. मसाला तोच, येसूर आणि सुके खोबरे. सोबत ज्वारीची भाकरी. त्याचा हा अहवाल.

पहिला मान मरळीचा. हा मासा हवेतूनही श्वास घेतो. म्हणून तो बाजारात पाटीत जिवंत दिसतो. मांस पांढरे, घट्ट आणि काटे कमी. शिजल्यावर तुकडा मोडत नाही. आजारातून उठलेल्याला आणि बाळंतिणीला मरळ द्यावी, ही आमच्याकडील जुन्या बायकांची रीत आहे. भाव मात्र चढा असतो.

वाम लांबट, सापासारखी. अंग बुळबुळीत असते, म्हणून राख चोळून धुवावी लागते. पाठीवरचे बारीक काटेही जपून काढावे लागतात. पण अंगात चरबी असल्यामुळे कालवणाला जो दाटपणा येतो, तो दुसऱ्या माशाला येत नाही.

रोहू, कटला आणि मृगळ ही मूळची गंगेकडची भावंडे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची पैदास करून दाखवली. पुढे मत्स्यबीज गावोगावच्या तलावांत पोहोचले. तिघांची चव सारखी नाही, कारण तिघांचे खाणे सारखे नाही. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून मृगळाला चिखलाचा वास लवकर लागतो. कटल्याचे डोके मोठे आणि चरबीदार. रोहूचे मांस गोडसर, पण तिघांतही दोन टोकांचे बारीक काटे असतात. लहान मुलांना देताना निवडूनच द्यावे.

आता गरिबाची चिलापी. ही मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणली गेली. मादी अंडी तोंडात जपते, त्यामुळे पिल्ले भरपूर जगतात. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या काठची कितीतरी घरे आज चिलापीवर चालतात. ती स्वस्त असते आणि मांसात बारीक काटे कमी, म्हणून पोरे आवडीने खातात. चव साधी, मसाल्याची चव धरणारी. तव्यावर कडक भाजली तर मरळीची आठवणही येत नाही.

चिखलाच्या वासाबद्दल भगिनींना एक सांगणे आहे. पाण्यातील शेवाळ आणि मातीतील सूक्ष्म जंतू एक पदार्थ तयार करतात आणि तो माशाच्या अंगात उतरतो. पहिल्या पावसात मातीला वास येतो, तो याच पदार्थाचा. आंबटाने त्याचा जोर कमी होतो. तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवावे, मग धुवावे. आणि स्वस्त मिळाला म्हणून विदेशी मांगूर घेऊ नये. त्या माशाच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातलेली आहे.

एका तरुणाने आम्हाला अडवले, "पंचशील घेता, मग मासा कसा खाता?" प्रश्न चांगला होता. मासे आणि मांस भिक्षूंना कायमचे वर्ज्य करा, अशी मागणी देवदत्ताने केली होती. तथागतांनी ती सक्ती मानली नाही. आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला, ऐकला किंवा तसा संशय आला, तर भिक्षूने ते घेऊ नये, एवढा नियम ठेवला. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक दाखवला आहे. ज्याला खायचे नाही त्याने खाऊ नये. पण दुसऱ्याच्या ताटावरून त्याची पायरी ठरवणे, हे आपण पुष्कळ सोसले आहे. तेच आपण करू नये.

चौथ्या रविवारी जेवणे आटोपल्यावर आम्ही वही काढली. मुलांची मते लिहिली, आमचे लिहिले. मग सत्तरी ओलांडलेल्या आईला विचारले, "आये, तुझ्या मते सगळ्यात गोड मासा कोणता?"

ती म्हणाली, "मला काय इचारतोस बाबा? कालवण समद्याचंच ग्वाड लागतंय."

"कालवण नव्हे, मासा विचारतोय."

"मधला तुकडा कवा खाल्लाय म्या? आधी तुझा बा, मग तुमी पोरं. माझ्या वाट्याला शेपटी न्हाईतर डोस्कं."

आम्ही घरच्या मंडळींकडे पाहिले. त्या भांडी गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा लक्षात आले की, चार रविवार याच घरात त्यांनी मासा धुतला, शिजवला, वाढला आणि शेवटी तळाचे कालवण भाकरीला लावले. आणि आम्ही त्यांच्यासमोर चवीचा अहवाल लिहीत होतो.

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. हे वाक्य आम्ही कितीतरी जयंत्यांना माईकवरून सांगितले आहे. घरातल्या पातेल्याशी त्याचा संबंध आहे, हे मात्र आम्हाला त्या दिवशी कळले.

पाचव्या रविवारी वाम आणली. सगळ्यांची ताटे एकदम मांडली आणि वाढायला आम्ही बसलो. मधले तुकडे आधी आईला आणि घरच्या मंडळींना वाढले. आईने निम्मा नातवाच्या ताटात टाकायला हात उचलला, तो आम्ही धरला. तिने सावकाश खाल्ला. म्हणाली, "वाम बरी हाय. पर मरळ आन एकदा, मंग सांगते."

म्हणून निवाडा अजून राहिला आहे. विहारातील मंडळींनी थोडे थांबावे. आणि वाचकांनीही आपापल्या घरी मत घेण्याआधी एवढे पाहावे की, मत देणाऱ्याच्या ताटात मधला तुकडा पोहोचला आहे का.

जय भीम!