सेमिस्टर आखडलं, सिलॅबस तेवढाच. नगर रोडच्या पोरांनी हिशोब जुळवायचा कसा?

येरवडा : शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली. नगर रस्त्यावरच्या या गावांतून रोज सकाळी पोरं-पोरी कॉलेजसाठी पुण्याकडे निघतात. कुणी एसटीने, कुणी पीएमपीने, कुणी रामवाडीपर्यंत येऊन पुढे मेट्रोने. येरवडा आणि त्यापुढच्या कॉलेजांत शिकणाऱ्या या मुलांची एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. ॲडमिशन होऊन जेमतेम वर्गात बसलो, तोवर परीक्षेचं टाइमटेबल लागलं.

सेमिस्टर छोटं करण्याचा आदेश कुणी काढलेला नाही. पण पहिल्या सेमिस्टरमध्ये शिकवण्याचे आठवडे कमी होत जातात, हे प्रत्येक पालकाला दिसतंय.

नियम काय सांगतो?

यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक सेमिस्टर म्हणजे १५ ते १८ आठवडे, म्हणजेच प्रत्यक्ष शिकवण्याचे ९० दिवस. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास लागतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न कॉलेजांत एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट घ्यावे लागतात.

आता साधा हिशोब करू. २२ क्रेडिट सगळे थिअरीचे धरले, तरी ३३० तास होतात. १५ आठवडे मिळाले तर आठवड्याला २२ तास पडतात. १२ आठवडेच मिळाले तर २७-२८ तास, आणि १० आठवड्यांवर आलं तर ३३ तास. सायन्सच्या मुलांना प्रॅक्टिकल असतात, त्यामुळे त्यांचे तास याहून जास्त.

आठवडे जातात कुठे?

बारावीचा निकाल आता मे महिन्यातच लागतो. तरी वर्ग भरायला वेळ लागतो, कारण प्रवेश एका झटक्यात होत नाहीत. बीएस्सी, बीसीएसला नाव घातलेला मुलगा सीईटीच्या फेऱ्यांत इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला नंबर लागला की निघून जातो. ती जागा रिकामी होते, मग तिथे नवा मुलगा येतो. तोपर्यंत निम्मं पहिलं युनिट होऊन गेलेलं असतं. त्यात गणपती आणि दिवाळीची सुट्टी. २०२४ मध्ये तर दिवाळी संपते न संपते तोच २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. अशा वेळी प्राध्यापकांना निवडणुकीची ड्युटी लागते.

दुसरं कारण शिक्षकांचं. अनेक कॉलेजांत शिकवण्याचा मोठा भार सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर असतो. त्यांच्या नेमणुका उशिरा झाल्या की तेवढे दिवस तो विषय बंदच राहतो. तासावर पैसे मिळत असल्याने बुडालेला आठवडा त्यांच्याही खिशातून जातो.

भार कुणावर येतो?

राहिलेला पोर्शन भरून काढायला जादा तास दुपारी किंवा रविवारी ठेवले जातात. कॉलेजजवळ राहणाऱ्याला ते जमतं. पण सकाळचं कॉलेज उरकून सणसवाडी, रांजणगावच्या कंपनीत किंवा खराडीच्या दुकानात काम करणाऱ्याला ते जमत नाही. उशिरापर्यंत थांबलं तर वाघोलीच्या कोंडीत अडकून घरी पोचायला रात्र होते. मुलींच्या घरून तर लगेच विचारणा सुरू होते. मग हजेरी कमी पडते, एखादा विषय राहतो, आणि पुढच्या सेमिस्टरला नव्या विषयांबरोबर जुनाही डोक्यावर बसतो.

छोटं सेमिस्टर वाईटच असतं का?

तसं नाही. अमेरिकेत टेक्सासच्या ओडेसा कॉलेज या कम्युनिटी कॉलेजने २०१४ पासून बहुतेक विषय आठ-आठ आठवड्यांच्या सत्रांत शिकवायला घेतले. तिथेही बरीच मुलं नोकरी करून शिकतात. पण त्यांनी आठवडे कमी केले तेव्हा एका वेळचे विषयही कमी केले. चार विषय एकदम घेण्याऐवजी आधी दोन संपवायचे आणि मग दोन. प्रत्येक विषयाचे एकूण तास कायम राहतात. आपल्याकडे आठवडे घटले तरी विषय, असाइनमेंट आणि अंतर्गत परीक्षा तेवढ्याच राहतात.

आपल्याकडचाही एक अनुभव आहे. आयटीआयला ऑगस्ट २०१३ मध्ये सेमिस्टर पद्धत आली आणि २०१८ पासून पुन्हा वार्षिक पद्धत लागू झाली. म्हणजे वेळापत्रक ही दगडावरची रेघ नाही.

यूजीसीच्या २०२५ च्या नियमांत हुशार मुलांना जादा क्रेडिट घेऊन पदवी लवकर पूर्ण करण्याची सोय आहे, आणि सावकाश शिकणाऱ्यांना जास्त वेळ घेण्याचीही. गावातून येऊन-जाऊन, काम करून शिकणाऱ्याला ही दुसरी सोय उपयोगी आहे. पण ती आपल्या कॉलेजात आहे का आणि अर्ज कधी करायचा, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

काय करता येईल?

प्रत्येक कॉलेजने सेमिस्टरअखेर कोणत्या विषयाचे किती तास झाले, हे नोटीस बोर्डावर लावावं. ९० दिवस भरत नसतील तर परीक्षा पुढे न्यावी, किंवा जेवढं शिकवलं तेवढ्यावरच पेपर काढावा. जादा तास ठेवताना एसटी-पीएमपीच्या वेळा पाहाव्यात. आणि सीएचबीच्या नेमणुका वर्ग सुरू होण्याआधी व्हाव्यात.

पालकांनीही फी भरताना एक प्रश्न जरूर विचारावा : गेल्या सेमिस्टरला प्रत्यक्ष किती दिवस शिकवलं? फी पूर्ण सेमिस्टरची घेतली जाते, तेव्हा हे विचारण्यात संकोच कसला?